प्रभूची खुर्ची

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, अविवाहित, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि मर्जीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची झडप तेवढी नाही, तिची शस्त्रक्रिया मंगळवारी आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असलाच तर बाबांचा, आणि ते जाऊन बरीच वर्षं झाली.

१. राहतं घर सामानासह माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला. तिने ते विकलं किंवा माणसांनी भरलं, तरी कोणी हरकत घेऊ नये.

२. बँकेतली शिल्लक आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या दवाखान्याला, औषधांसाठी. चर्चच्या ऑर्गनसाठी नव्हे.

३. बाबांचे रंधे, करवती, पटाश्या कोणत्याही गरजू सुताराला. शोभेसाठी भिंतीवर टांगायला मागितल्या तर देऊ नयेत.

४. आमच्या मंडळीतले जे लाँड्रीचे मालक आहेत, त्यांनी माझ्या अंत्यविधीत शास्त्रपाठ वाचू नये. आवाज चांगला आहे, मान्य. न्याय पाण्यासारखा वाहू द्या, असं संदेष्टा सांगतो तो भाग ते फार सुंदर वाचतात. त्यांच्याकडच्या बायकांचे हात सोड्याने सोलून निघाले, त्यांनी हातमोजे मागितले, तर त्यांना कामावरून काढलं. माझ्या मनात राग आहे की न्यायाची चाड, हे मी पुष्कळ तपासलं. अर्धंअर्धं असावं. तरी कलम राहू द्यावं.

५. जेवणाच्या टेबलाची चौथी खुर्ची. आई लवकर गेली. बाबा, ताई आणि मी, अशी तीन माणसं घरात. चौथी खुर्ची बाबांनी प्रभूसाठी बनवली. तिच्यासमोर रोज ताट मांडायचं, पण तिच्यावर कोणी बसायचं नाही. मांजरसुद्धा नाही.

मी कॉलेजात असताना, लाँड्रीतून काढलेल्या इस्त्रीवाल्या बाईंना ताई जेवायला घेऊन आली आणि तिने त्यांना त्या खुर्चीवर बसवलं.

बाबा म्हणाले, "बाई, उठा तिथून. ती प्रभूची जागा आहे."

"तोच बसलाय, बाबा. जेवू दे त्याला," ताई म्हणाली.

"शास्त्र मला शिकवू नकोस."

"तुम्हीच तर पाठ करून घेतलंत. भुकेल्याला दिलंत ते मला दिलंत, असं तोच म्हणाला ना?"

तोवर बाई उठल्या होत्या. "राहू दे गं पोरी, मला उभ्यानेही जेवता येतं."

ताई त्यांना घेऊन गेली ती पुन्हा या घरात आली नाही. फोन करते. ठेवताना विचारते, "खुर्ची?"

"तशीच."

"कोणी बसलं की कळव. त्या दिवशी येते."

ती हसत म्हणते. मीही हसते, फोन ठेवते आणि मग टेबलाशी नुसती बसून राहते. बाबांनी जाताना खुर्ची रिकामी ठेवायचा शब्द घेतला होता. तो मी पाळला. पण ताट मांडताना नजर दाराकडे जाते. प्रार्थनेत नाव प्रभूचं आणि वाट ताईची. हे पाप आहे का, मला ठरवता आलेलं नाही.

<s>माझ्या मृत्यूनंतर</s> या खुर्चीवर जो भुकेला येईल त्याला बसवावं.

६. वरची खाडाखोड माझीच, शेजारी सही केली आहे. भुकेल्याला 'मी मेल्यावर या' असं सांगायचं, तर बाबांचंच बरं होतं. त्यांना दिलेला शब्द आज मोडते आहे. त्याचा जाब बाबांना भेटीत देईन, मंगळवारी किंवा पुढे कधी.

७. साक्षीला शेजारचे शिंपीकाका आणि त्याच इस्त्रीवाल्या बाई आहेत. दोघांना या मृत्युपत्रातून काही मिळत नाही, म्हणून त्यांची साक्ष चालते. बाईंना मी चौथी खुर्ची पुढे केली.

"इथे? परत उठवणार नाहीस ना?"

"नाही."

"मग आधी जेवते. सही काय, नंतरही होईल."

त्या जेवत असताना ताईला फोन लावला. तिने विचारायच्या आत सांगितलं, "बाई बसल्यात." ती म्हणाली, "तिकडे यायला शेवटची गाडी किती वाजता आहे गं?"

साक्षीदारांची जेवणं झाल्यावर, सगळ्यांनी एकमेकांसमक्ष सह्या केल्या.

लिहून देणार: (सही) घरातली धाकटी
साक्षीदार १: (सही) शेजारचे शिंपी
साक्षीदार २: (अंगठा) इस्त्रीवाल्या बाई, बसून
ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल
तारीख: शस्त्रक्रियेआधीचा रविवार. ताई आली की चारही भरतील, म्हणून पाचवी खुर्ची शेजारून मागवली आहे.