सगळ्यांचं एकच माप

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी हात सध्या थरथरतात, तेव्हा सातच पोचली असं धर.) तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला गेला, की अजून पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून आहे? आम्ही दोघं ठीक. ही तुझी आठवण रोज काढते, विशेषतः माझ्यावर चिडली की.

तुझं पत्र, भाच्याच्या लग्नाच्या कोटाचं कापड आणि मापाची चिठ्ठी, सगळं पोचलं. कापड झकास आहे. पत्राच्या खालच्या कोपऱ्यात मात्र ‘जमेल ना रे तुला? नाहीतर इथेच दुसऱ्याकडे टाकते’ असं बारीक अक्षरात लिहिलंयस. बारीक लिहिल्यानं कमी लागतं असं नाही, ताई. तीस वर्षं याच टेबलावर कात्री चालवतोय, आणि सख्ख्या भाच्याचा कोट दुसरा शिंपी शिवणार? शिवाय गोळ्या वेळेवर घेतोस ना, हे एका पत्रात तीनदा विचारलंयस. घेतो बाई. सकाळ-संध्याकाळ. आता चौथ्यांदा विचारू नकोस.

गेल्या वर्षी झालं ते तुला मावशीकडून कळलं, म्हणजे निम्मं खोटं आणि उरलेलं तिखटमीठ लावून. खरं ते असं. आधी झोप गेली. मला वाटलं, बरं झालं, साठलेलं काम उरकेल. चौथ्या दिवशी सकाळी टेबलाशी उभा असताना एकदम लक्षात आलं, की माणसांची मापं वेगवेगळी असतात ही शिंप्यांनीच पोटासाठी उठवलेली अफवा आहे. मूळ माप एकच. (ते नेमकं माझंच निघालं, याचं मला जराही नवल वाटलं नाही.) तेव्हा अग्निशमन दलाच्या चौदा जवानांचे गणवेश शिवायला आले होते. मापाच्या वहीत चौदा पानं, चौदा तऱ्हा. वही मी बादलीत बुडवली आणि चौदाही गणवेश माझ्या मापाचे बेतले, शिवले, इस्त्री करून स्वतः पोचवले. त्यांचा नायक (पोट आधी येतं, माणूस मागाहून) म्हणाला, ‘मास्तर, बटण लागत नाहीये हो.’ मी त्याच्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवून सांगितलं, की कपडा बरोबर आहे, तुम्ही चुकलाय.

इथवर हसलीस तरी चालेल. पुढचं मावशीला माहीत नाही. दहाव्या दिवशी सकाळचा चहा झाल्यावर मी हिला मापासाठी उभं केलं. हललीस तर माप बिघडेल, म्हणालो. मी मोजत होतो, लिहीत होतो, खोडत होतो, पुन्हा मोजत होतो आणि अखंड बोलत होतो. ऊन पुढच्या खिडकीतून मागच्या खिडकीत गेलं, तरी ती उभीच. संध्याकाळी कोसळली तेव्हा टेबलाची कड कपाळाला लागली. मी काय केलं असेल? आडवं पडल्यावर माणसाच्या उंचीत किती फरक पडतो ते मोजलं. ताई, इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता, आणि तीही तितकीच आनंदात आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. ती मला घाबरून उभी होती, हे मला तीन आठवड्यांनी दवाखान्यात कळलं. जखमेचा वण आहे. ती केस पुढे घेते.

शेजारणीनं फोन केला तो अग्निशमन दलाला. (तिला तोच एक नंबर पाठ.) आले तेही माझ्याच गणवेशात. ज्यांच्या बाह्या लांब त्यांची पकड बसेना, ज्यांच्या आखूड त्यांना हात वर करता येईना. चौदा धट्ट्याकट्ट्या माणसांना एक शिंपी जिन्यावरून उतरवायला पाऊण तास लागला. नायकाची पँट जिन्यातच फाटली. शिवण पक्की होती, कापडच फाटलं, हे मी त्याला दवाखान्यापर्यंत पटवत होतो.

तिथल्या डॉक्टरबाई हुशार. म्हणाल्या, याला उन्माद म्हणतात, आणि गोळी लिथियमची. तो एक क्षार, आपल्या मिठाचा लांबचा नातलग. कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर विष. म्हणून रक्त तपासत राहायचं, पाणी नीट प्यायचं, मीठ आपल्या मनानं तोडायचं नाही, आणि बरं वाटतंय म्हणून गोळी सोडायची नाही. मी म्हटलं, बरं तर मला तेव्हाच वाटत होतं! त्यांनी विचारलं, ‘कापडी टेप जुना झाला की काय होतं, मास्तर?’ ताणला जातो. ‘त्यानंच मोजून ते कळतं?’ कसं कळणार? दुसरा टेप शेजारी धरावा लागतो. ‘मग झालं तर,’ म्हणाल्या. घरात आणखी कुणाला हा त्रास होता का, असंही विचारलं. मी नाही म्हणालो. मग बाबा आठवले. आपण त्यांना हरहुन्नरी म्हणायचो. पुलावरून उडी घेतली त्या सकाळपर्यंत म्हणत होतो.

गोळीनं मी माणसात आलो, हे खरं. हात तेवढा थरथरतो. चहा कपातून बशीत आपसूक येतो, ओतायचे कष्ट नाहीत. पण सुईत दोरा जात नाही, ही ओवून देते. काज करायला घेतलं की टाका दारुड्यासारखा चालतो. मी रस्त्यात दिसलो की नायक समोरच्या बाजूला जातो. रागानं नव्हे, मला लाज वाटू नये म्हणून. ही म्हणते, डॉक्टरबाईंना हाताचं सांगा, त्या काहीतरी तोड काढतील. पण शिंप्यानं कुठल्या तोंडानं सांगायचं, की माझा हात थरथरतो? असो. कोटाची काळजी करू नकोस.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पत्र दोन आठवडे टाकायचंच राहिलं, तोवर कोट तयार आहे! तीन दिवसांत झाला. सगळी काजं हातानं केली, टाका न् टाका मोत्याच्या दाण्यासारखा. हात कसा थांबला म्हणशील, तर गोळ्या अकरा दिवसांपूर्वी बंद केल्या. पांढऱ्या बटणांच्या डब्यात टाकतो, कुणाला ओळखू येत नाहीत. हिला काही कळलेलं नाही. हात असा चालतोय की भावजींना, व्याह्यांना आणि लग्नात वाजवणाऱ्या सगळ्यांनाही एकेक कोट बेतून ठेवलाय. तुझी मापाची चिठ्ठी उघडायचीसुद्धा गरज पडली नाही.

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी भाच्याचा कोट सहज अंगात घालून पाहिला. मला अगदी बरोबर बसला. खांद्यात, बाहीत, कुठे सुरकुती नाही. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे ना गं?

ता. क. ताई, ये. शेजारीण तुमच्याच गावी निघाली आहे, तिच्या हाती हे पत्र देतो. मिळालं की लगेच नीघ. मला डॉक्टरबाईंकडे ने, हाताचंही तूच सांग. दार मीच उघडेन आणि फार आनंदात दिसेन. फसू नकोस. ही सकाळपासून टेबलापाशी उभी आहे. मी काहीच म्हटलेलं नाही, तरी उभी आहे. आल्याबरोबर आधी तिला बसायला सांग. मी सांगून ती बसत नाही.