चार पाट्या खत

ती. आईस,
मातीच्या हातांनी नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. भाड्याच्या वाफ्यातला भोपळा कुंपणावर चढलाय. तुझा गुडघा कसा आहे? बाबा तेल लावून देतात ना?

एक सांगते, पण बाबांना वाचून दाखवू नकोस. गेल्या वर्षी माझ्या टोमॅटोंवर करपा आला होता, पानं काळ्या डागांनी भरली होती. रोगट झाड जाळून टाकावं, हे तुझं सांगणं आठवत होतं. पण एवढा पाला जाळायचं जिवावर आलं, म्हणून सगळा खताच्या ढिगात घातला. खत काळंभोर झालं. मग मोठ्या मनाने शेजारच्या वाफ्यावरच्या आजोबांना चार पाट्या दिलं. आजी गेल्यापासून त्यांचा जीव त्या झाडांतच आहे गं.

परवा त्यांच्या टोमॅटोच्या पानांवर तेच काळे डाग दिसले. तेव्हापासून त्यांची शीळ ऐकली की मी भोपळ्याच्या वेलाआड लपते.

आज ते स्वतःच आले. म्हणाले, "पोरी, पानं मलूल दिसतायत. तुझं ते खत अजून देशील? जरा जोर धरतील."

आई, मी हो म्हणून बसले. पाटी भरून ठेवलीय. ते उद्या सकाळी येणार, आणि तुझं उत्तर यायला पंधरा दिवस लागतात.

तुझी भित्री लेक