विहिरीचा वाढवलेला कठडा

३ मार्च

चि. धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

घरी सगळे बरे आहेत, तुझे दाजी खोकतात तेवढंच. आता मुद्द्याचं. माझ्या हातून घोळ झालाय. पोरं पडू नयेत म्हणून तुमच्या पाणी संस्थेने विहिरीचा कठडा दोन फूट वाढवला. चांगलं केलं. मी दर सोमवारी काठावरून टेप सोडून पाणी किती खाली ते वहीत लिहिते. कठडा वाढला तरी काठावरूनच सोडत राहिले. रोज त्यावर हात टेकत होते, पण डोक्यात उजेड पडला नाही. आज जुन्या काठाची लाल खूण दोन फूट खाली दिसली आणि चूक कळली.

पाणी होतं एकोणीस फुटांवर, मी लिहिलं एकवीस. वीसच्या खाली गेलं की फक्त प्यायला पाणी, हा तुमचाच नियम. म्हणून तू ऑफिसातून नोटीस काढलीस आणि माझ्या जावेच्या रोपवाटिकेचा नळ बंद झाला. तीन आठवड्यांत तिची निम्मी रोपं वाळली. ती सांगत होती, पाणी एवढं खाली नाही, मला दिसतंय. मीच तिला चारचौघांत झापलं, की पाणी डोळ्यांनी मोजत नसतात. आता कुठल्या तोंडाने जाऊ? लवकर कळव. रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस, सा. न.

पत्र वाचून आधी हसलो. आजवर तू माझ्या एवढ्या चुका काढल्यास, एक तुझी सापडली. मग हसू गेलं. ताई, हे गावच्या सभेत बोलू नकोस. सोमवारपासून लाल खुणेपासून मोज. पाणी चढल्यासारखं दिसेल, मी नळ सुरू करायला सांगतो. माझ्या खुर्चीसाठी म्हणत नाही. हा नियम लोकांच्या गळी उतरवायला आम्हाला पाच वर्षं लागली. वहीतला आकडा चुकतो हे एकदा कळलं, की पाणी खरंच खाली जाईल तेव्हा कोण ऐकेल? दाजींना औषध वेळेवर दे. माझ्यावर आहे तो जीव तसाच राहो.

तुझा धाकटा

१५ एप्रिल

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

तुझं ऐकलं नाही, हे एव्हाना कळलं असेलच. सभेत उभी राहिले आणि सांगून टाकलं. दोघं-तिघं म्हणाले, ती वही विहिरीत टाका. तू म्हणालास तसंच. जाऊ सगळ्यात शेवटी बोलली. माफी नको म्हणाली, माफीने रोपं उभी राहत नाहीत. यापुढे टेप ती वाचणार, मी फक्त लिहायचं, खाली दोघींच्या सह्या. मला झोंबलं. पण हो म्हटलं.

नळ सुरू झाला, तिने नवी रोपं लावली. दर सोमवारी येते, वाकते, आकडा सांगते, सही करते, जाते. वर एक शब्द नाही.

काल पाणी लाल खुणेपासून वीस फूट दोन इंचांवर गेलं. तिने टेप दोनदा सोडला. मी वही उघडून धरली. तिने आकडा सांगितला, सही केली आणि सरळ जाऊन आपल्या रोपवाटिकेचा नळ आपल्याच हाताने बंद केला. नोटीस पाठवायच्या भानगडीत पडू नकोस.

माझ्याशी ती अजून बोलत नाही. तू तरी पत्र टाकत जा.

तुझी ताई