ताई, तू अख्ख्या गल्लीला ऐकू आलीस

मादबा, सोमवार, दुपारची नमाज आटोपून

माझ्या थोरल्या बहिणीस, रकानच्या आईस, तिच्या धाकट्या आणि (तिच्याच मते) साठी उलटली तरी अक्कल न आलेल्या भावाचा, म्हणजे मुफ्लिहचा, सलाम.

ताई, तुझे गुडघे कसे आहेत? तफीलात उन्हाळ्यातसुद्धा संध्याकाळी गार वारं सुटतं, असं रकान म्हणत होता. तेव्हा अंगणात बसायचं असेल तर पायांवर घोंगडी घेत जा. जैतुनाचं तेल कोमट करून चोळतेस ना? शेळी व्याली का? शेजारणीशी बोलणं सुरू झालं असेल तर तिला माझा सलाम सांग, नसेल झालं तर सांगू नकोस, उगीच माझ्यामुळे सुरू व्हायचं. आम्ही इथे अल्लाच्या कृपेने बरे आहोत. माझा पोरगा कुतैबा बरा आहे. मोटारही बरी आहे, आणि खरी अडचण तीच आहे.

फोन करायचा सोडून हा पत्र कसलं लिहितोय, असं तू म्हणशील. फोन या वस्तूवरचा माझा विश्वास परवाच्या शुक्रवारी उडाला, म्हणून लिहितोय. बसवाला अबू तैसीर हे तुझ्या हातात देईल. बसून वाच, पाणी जवळ ठेव. शुक्रवारी रात्री मी तुला सांगितलं की सल्टमध्ये नेटवर्क नव्हतं, आणि मुलीकडच्यांनी विचार करायला वेळ मागितलाय. यातलं दुसरं अर्धं खरं आहे. पहिलं साफ खोटं आहे. नेटवर्क इतकं होतं, ताई, की तेवढं देवाने कुणालाच देऊ नये.

आधी मोटारीचं सांगतो, म्हणजे माझा दोष किती आणि यंत्राचा किती हे तुला नीट कळेल. ही मोटार कोरियाहून आली. तिच्या मधोमध परातीएवढी स्क्रीन आहे, आणि स्क्रीनवर जे काही लिहिलंय ते कोरियनमध्ये. दार उघडलं की एक बाई फार अदबीने काहीतरी बोलते. (पहिले आठ दिवस मी तिला सलामाचं उत्तर देत होतो.) गॅरेजवाल्या बासिलने तिची भाषा बदलून दिली, पण निम्मीच. म्हणजे आता अक्षरं अरबी आहेत आणि बाई कोरियनच आहे. त्यात मी एकदा आवाज थोडा मोठा करायला गेलो आणि कुठल्या चौकोनाला बोट लागलं कोण जाणे, सगळा आवाज मागच्या डाव्या स्पीकरात जाऊन बसला. पुढे चिडीचूप. पंधरा दिवस मी शेजारच्या अबू नायिफला मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसवून फिरवत होतो आणि बातम्या काय सांगतायत ते त्याला विचारत होतो. तो स्वतःची मतं मिसळून सांगायचा. त्या पंधरवड्यात जगात काय घडलं हे मला अजून नक्की माहीत नाही.

शेवटी कुतैबाने एका संध्याकाळी बसून सगळं लावून दिलं. आवाज चारी कोपऱ्यांत वाटला, ढोल ऐकू यावा म्हणून खालचा सूर वाढवला, माझा फोन मोटारीला जोडला. आता मी मोटारीजवळ असलो की फोनचं सगळं बोलणं मोटारीतूनच. त्या पोराला त्या स्क्रीनचा कोपरा न् कोपरा पाठ आहे. हे वाक्य मी उगीच लिहिलेलं नाही.

आता शुक्रवार. कुतैबासाठी मुलगी मागायला आपल्या वडीलधाऱ्या पुरुषांची जाहा निघाली; जाहात बायका जात नाहीत, म्हणून तुला नेलं नाही, आणि तू रुसलीस. (जाहात बायका जात नाहीत हे खरं, पण तुझी जीभ जाऊ नये असंही माझ्या मनात होतं, ते आता कबूल करतो.) तू म्हणालीस, ठीक आहे, नेऊ नकोस, पण मी फोन करीन तेव्हा उचल आणि न बोलता खिशात ठेव, मी इथून सगळं ऐकेन. मी हो म्हटलं. ही चूक पहिली.

दुसरी चूक हौसेची. शब्द मिळाला, कॉफी प्यायली, की बाहेर गाड्यांचे भोंगे आणि गाणी सुरू व्हायला हवीत, नाहीतर ती जाहा कसली? सल्टच्या त्या चढाच्या गल्लीत मी मोटार मुलीच्या घराच्या बैठकीखाली, बरोब्बर खिडकीला लागून उभी केली. चारी काचा खाली केल्या. आवाज शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवला. किल्लीवर एक बटण आहे, ते दाबलं की मोटार लांबूनच चालू होते. बेत असा की आपल्या बाजूने मागणी घालणाऱ्या शेख झौकानने कॉफीचा घोट घेतला रे घेतला की मी खिशातल्या खिशात बटण दाबणार, आणि खाली ढोल वाजायला लागणार. मुलीचा बाप थक्क होणार. तो थक्क झाला, त्याबद्दल वाद नाही.

आम्ही बावीस जण बैठकीत. समोर मुलीकडचे तेवढेच. सगळ्यांपुढे कॉफी ठेवलेली, आणि शब्द मिळेपर्यंत कपाला हात लावायचा नाही म्हणून सगळे कपाकडे न बघण्याच्या प्रयत्नात. कोपऱ्यात मुलीची आजी, हज्जा फिद्दा. त्या घरात शेवटचा शब्द तिचा. पण तिला तीन वर्षांपासून काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे तो शब्द मिळवायचा कसा हा त्यांच्याकडेही प्रश्नच होता. शेख झौकान उठला, दाढीवरून हात फिरवून बोलायला लागला. त्याचं भाषण आपल्या पणज्यापासून सुरू होतं हे तुला ठाऊक आहे. पणज्याचे उंट आले, उंटांची नावं आली, मला घाम फुटला, मी रुमालासाठी खिशात हात घातला, आणि खाली मोटार चालू झाली.

ढोल वाजला नाही. ढोल वाजला असता तर बरं झालं असतं, शब्द मिळायच्या आधी वाजंत्री म्हणून दोन शिव्या खाऊन सुटलो असतो. नेमका त्याच क्षणी तुझा फोन आला. मी तो बंद करायला म्हणून बोट लावलं आणि उचलला. आणि खिडकीतून, चारी स्पीकरांतून, वाढवलेल्या खालच्या सुरासकट, तुझा आवाज आला, "मुफ्लिह! पोचलात का रे? का अजून वाट चुकताय?"

ताई, भिंतीवरची तसबीर हलली. मी फोन कानाला लावून "नंतर, नंतर" म्हणत होतो, पण माझं बोलणं तुला कसं ऐकू येणार? तुझे कान आता मोटारीत होते. तुला वाटलं, मी ठरल्याप्रमाणे गप्प आहे. मग तू म्हणालीस, "बरं, तू गप्प आहेस तर मीच बोलते," आणि बोललीस.

तू विचारलंस, कॉफीत वेलदोडा घातलाय का, की सल्टवाल्यांनी नुसत्या टरफलांवर भागवलंय. पंचेचाळीस माणसांनी माना खाली घालून कपात बघितलं. तू म्हणालीस, "त्या झौकानला आवर घाल. मागच्या जाहात मुलीचा बाप झोपला होता, यंदा मुलगी म्हातारी होईल." शेख झौकान पणज्याच्या तिसऱ्या उंटावर उभा होता तो तसाच खाली बसला. मग तू कुतैबावर आलीस. झोपेत बोलतो, मोजे दाराच्या मागे टाकतो, डोक्यावरचे केस चाललेत म्हणून फोटोत मान वर करून उभा राहतो. कुतैबाने त्या वेळी मान वर केलेली होती ती हळूच खाली घेतली.

मुलीचा बाप, अबू हयसम, फार सभ्य माणूस. तो म्हणाला, "आपल्या मोटारीतल्या बाईसाहेबांना वर बोलवायचं का?" मी म्हटलं, त्या तफीलात आहेत. तो म्हणाला, "तिथूनच बोलतायत?" आणि त्याच्या चेहऱ्यावर, खरं सांगतो, थोडा आदर आला.

मी कुतैबाला म्हटलं, पळ, बंद कर. तो गेला. आम्ही सगळे खिडकीशी. तो आत बसला आणि हडबडीत काहीतरी दाबलं, तर चारी काचा वर गेल्या आणि दारं लागली. मी वरून किल्ली दाबत होतो, पण आता नुसता मागचा डिकीचा दरवाजा उघडत होता आणि मिटत होता. शेख झौकान खाली जाऊन काठीने टपावर ठोकायला लागला, शेजारच्या घरातला एक जण ओरडून सांगत होता की बॅटरीची तार काढा, आणि ती कोरियन बाई मधूनमधून अदबीने बोलत होती. तुझा आवाज मात्र काचा बंद असूनही स्वच्छ येत होता. मी त्या स्पीकरांची निंदा कधीच करणार नाही.

आणि मग तू ते बोललीस. मी इथे सगळं उतरवत नाही, तुला आठवत असेल. "बायका जात नाहीत म्हणे! कुतैबा आठ वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हा जाहा आली होती का त्याला वाढवायला? ताटात शेवटचा घास ठेवायचा, मी मारलंय त्याला त्यासाठी. माजलाय वाटायचं. दोन महिन्यांनी कळलं, आईसाठी ठेवत होता. मुफ्लिह, मी त्याच्यावर अजून ओरडते, कारण मऊ बोलायला गेले की मला रडू येतं. त्या लोकांना सांग, पोरगा चांगला आहे. फार चांगला आहे. पण मी म्हटलं म्हणून सांगू नकोस."

शेख झौकानने काठी खाली घेतली. माझ्याच्याने तिथे उभं राहवेना, ताई. एवढ्या वर्षांत घासाची ती गोष्ट तू मला कधी सांगितली नव्हतीस. थोड्या वेळाने फोन बंद झाला, मग मोटार बंद झाली. आम्ही परत बैठकीत येऊन बसलो, आणि कॉफी गार झालेली होती.

तेवढ्यात कोपऱ्यातून हज्जा फिद्दा बोलली. (ती बोलते तेही ओरडूनच.) "ही बाई कोण होती? तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी कुणीतरी नीट बोललं!" लेकाने तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, तेही तिला ऐकू आलं नाही. मग तिने स्वतःच ठरवलं ते ठरवलं आणि आमचे कप उचलून आत नेववले. कुणी प्यायलं नाही. जाहा न पिता परतली. तर अशी ही हकिकत. बाकी सर्व क्षेम आहे, काळजी करू नकोस. तुझे गुडघे जप.

तुझा भाऊ,
मुफ्लिह

ता. क. – हज्जाने काय ठरवलं ते लिहायचं राहिलं. मुलगी द्यायला ती तयार आहे, पण मागणी तूच घालायचीस. नाहीतर कॉफी नाही. गुरुवारी मी तुला न्यायला येतोय. जाहात बाई गेलेली कुणी पाहिलेली नाही, असं शेख झौकान म्हणाला, आणि पाच मिनिटांनी तोच म्हणाला की आता पाहू.

ता. क. २ – तुला वर बैठकीत यायचं नाही. गुडघ्यांसाठी नव्हे. समोर बसून बोललेलं हज्जाला ऐकू येणार नाही, म्हणून तू खाली मोटारीत बसून फोनवर मागणी घालायचीस आणि वरून तिने होकार ओरडायचा. त्यांनी गाद्या खिडकीशी आणून ठेवल्यात. काचा खाली ठेवू. वेलदोड्याबद्दल अबू हयसमने कळवलंय की या वेळी दुप्पट घालतो, तेव्हा तो विषय काढू नकोस.

ता. क. ३ – हे कुतैबाने लिहू नका म्हणून सांगितलंय. बोलता बोलता तू शुक्रवारी मला विचारलंस, "नाक कोण ओढतंय? मुफ्लिह, सर्दी झाली का? मिरमियाचा पाला उकळून घे." ताई, मी तेव्हा वर खिडकीत होतो, तुला ऐकू येत होतं ते मोटारीतलं. फोन बंद करायचं स्क्रीनवरचं लाल बटण त्याला डोळे मिटूनही सापडतं. अकरा मिनिटं त्याने ते दाबलं नाही. सर्दी मला झालेली नव्हती.