चौकशी खिडकीचा शेरा

प्रिय चिंगी,

पत्र बघून तू घाबरशील, म्हणून आधी सांगून टाकते, घरी सगळे ठीक आहेत. बाबांचं ब्लडप्रेशर ताळ्यावर आहे, बाबा स्वतः नाहीत. बाल्कनीत टोमॅटोची सात रोपं लावलीत आणि रोज सकाळी त्यांची अशी विचारपूस चालते, जशी बत्तीस वर्षांत माझी कधी झाली नाही. माझा गुडघा कुरकुरतो, पण काम बसून करायचं असल्यामुळे निभावतं. फोन न करता पत्र का, तर फोनवर तू मला गुंडाळतेस. आई, मीटिंगमध्ये आहे, आई, नंतर बोलते, आणि बोललीस की इतकी गोड बोलतेस की मी मुद्दा विसरून तू वेळेवर जेवतेस ना हेच विचारत बसते. कागदाला असं मध्येच तोडता येत नाही. तेव्हा बस खाली आणि शेवटपर्यंत वाच.

तुमच्या कंपनीनं आमच्या हॉस्पिटलची वेबसाइट नव्यानं केली आणि त्या टीमची प्रमुख तू, हे माझं अख्ख्या बिल्डिंगला सांगून झालं होतं. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालासुद्धा सोडलं नाही. मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये तू ती भिंतीवर मोठी करून दाखवलीस तेव्हा मागच्या खुर्चीत बसून मी डोळे पुसत होते. जुनी वेबसाइट म्हणजे काय होतं, एक पांढरं पान. आज कोणते डॉक्टर आहेत, कोण रजेवर, कितवा नंबर चालू आहे, बस. दिसायला अगदीच दरिद्री. तुझी त्यापुढे नवरीसारखी नटलेली. त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांनी माझ्या हातात फॉर्म दिला. दीड महिना वापरून चौकशी विभागानं शेरा द्यायचा, समाधानकारक की असमाधानकारक. समाधानकारक आला की काम मंजूर, आणि काम मंजूर झालं की तुला ती वरची जागा. तू गेली चार वर्षं जिच्यासाठी मरमर मरतेयस, ती. तुझ्यापेक्षा मलाच घाई झाली होती गं. मी तेव्हाच लिहून द्यायला निघाले होते, डॉक्टरच म्हणाले, थोडे दिवस जाऊ द्या.

थोडे दिवस गेले. माझ्या खिडकीवर आधी दिवसाला वीस-पंचवीस माणसं यायची, ती दीडशेवर गेली. कारण जुनं दरिद्री पान पटकन उघडायचं. लोक घरी बघायचे आणि मगच निघायचे. नवं पान केबिनमध्ये उघडतं, तिथं तारेचं जोरदार नेट आहे. बसस्टॉपवर, आमच्या तळमजल्यावर, गावाबाहेर, साध्या फोनवर ते नुसतं गरगरत बसतं. मी तुला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, तर तू म्हणालीस, आई, तुझं नेट स्लो असेल. तू शिकलेली, तुझं खरं असणार. मग मीही येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगू लागले, तुमचं नेट स्लो असेल. तीन आठवडे तोंड वर करून सांगत होते.

मग एका मंगळवारी एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर आले, बायकोला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायला. दोन बस बदलून, अडीच तासांचा प्रवास. बाईंचा एक डोळा बांधलेला, दुसऱ्यानं बेताचंच दिसतं, मास्तरांचा दंड घट्ट धरून चालत होत्या. डोळ्यांचे डॉक्टर तीन दिवस रजेवर. वेबसाइटवर ते लिहिलेलंही होतं. मास्तर स्टॉपवर फोन धरून उभे राहिले होते, पण पान यायच्या आधी बस आली. आता हे मला फाडून खाणार म्हणून मी मन घट्ट केलं. तर ते म्हणाले, चूक आमचीच बाई, फोन जुना आहे, मुलगा नवा घ्या म्हणतो, मीच ऐकत नाही. माझीच माफी मागितली, बाईंना एकेक पायरी मोजत उतरवलं आणि परत निघाले. त्या दिवशी मी डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी एक वही सुरू केली. भांडणाऱ्यांची नाही, माफी मागणाऱ्यांची. तारीख, कुठून आले आणि काय म्हणाले. अकरा दिवसांत दोनशे सहा माणसं झाली. कोणी म्हणतं, मला यातलं काही कळत नाही. कोणी म्हणतं, चष्मा घरी राहिला, काहीतरी चुकीचं दाबलं असेल. एक गवंडी म्हणाला, ताई, बोटं जाड झालीत, फोनला ओळखू येत नसतील. आठव्या महिन्यातली एक मुलगी तर, मी उगाच त्रास देतेय, असं चारदा म्हणाली, आणि उभी राहून राहून तिचे पाय सुजले होते. अकरा दिवसांत भांडले फक्त चौघं. खरं सांगते, त्या चौघांना मला आत बोलावून चहा पाजावासा वाटला. वहीतल्या माणसांनी सगळं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं, आणि ते फोडायला मी मदत केली. कसलं नेट स्लो. दोनशे सहा जणांचं एकदम स्लो होतं का गं?

शेवटी मी आमच्या इलेक्ट्रिशियनला धरलं. हल्ली कॉम्प्युटरही तोच बघतो. हे नेमकं अडतं कशानं, एवढंच विचारलं, तर हा आढेवेढे घ्यायला लागला, ताई, जाऊ द्या ना. मी सोडते होय. शेवटी म्हणाला, पहिल्या पानावर जी फिल्म आहे ती पूर्ण आल्याशिवाय खालचं काहीच दिसत नाही, आणि ती भली मोठी आहे. मग पायाशी बघत म्हणाला, त्यात तुम्हीच आहात ना.

हो, मीच. निळा स्वेटर घालून खिडकीतून हसणारी. त्या रविवारी तू कॅमेरावाल्यांना घेऊन आलीस, स्वतःच्या हातानं माझे केस विंचरलेस. मी लाजले तर म्हणालीस, सव्वीस वर्षं त्या काचेमागे बसलीस, कुणी तुझ्याकडे धड बघितलं नाही, आता दारातच तू दिसशील. तुला सांगितलं नव्हतं, पण घरी येऊन मी नळ सोडून रडले होते. आयुष्यात कुणी माझं एवढं कौतुक केलं नव्हतं. आणि मास्तर स्टॉपवर उभे राहून माझ्याच हसऱ्या तोंडाची वाट बघत होते, ते काही आलं नाही.

काल जेवताना बाबांना सांगितलं. ते म्हणाले, पोरीच्या पोटावर पाय देऊ नकोस, तिला हळूच कानात सांग, ती करेल दुरुस्त. मी म्हटलं, पहिल्या आठवड्यात कानातच सांगितलं होतं. मग ते ताट अर्धवट टाकून टोमॅटोकडे गेले. आज सकाळी अकरा वाजता मी फॉर्म दिला. मोठे डॉक्टर म्हणाले, अहो ताई, घरचंच काम आहे, एक शब्द तर लिहायचा. मी एकच शब्द लिहिलाय, असमाधानकारक, आणि वही जोडलीय. गुरुवारच्या मीटिंगमध्ये तो कागद तुझ्यासमोर ठेवतील. चार परक्या माणसांत माझं अक्षर ओळखून तुझा चेहरा पडण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. जागा गेली तर गेली, तू पुन्हा मिळवशील, तेवढी तुझी धमक मला माहीत आहे. तुझी माफी मात्र मी मागणार नाही. सहीखाली हुद्दा लिहिला. नात्यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता, तो पेनानं आखला आणि लिहिलं, हे काम करणाऱ्या मुलीची आई. मी तुला लपवलं असं कुणी म्हणायला नको. तू चिडशील, चीड. महिनाभर बोलू नकोस. पण आधी ती फिल्म काढ. लोकांच्या वाटेत मी उभी आहे गं, मला तिथून काढ.

तुझीच,
आई