समुद्र दाखवायची घाई

फाल्गुन व. ३, शुक्रवार. भोसरी
आज नामदेव माझ्याशी गोड बोलला. हे आधी लिही, म्हटलं, बाकीचं मागून. लिहिणारी सुमी, त्याचीच लेक, यंदा सातवीला. म्हणे, आजे, आबांचं नाव पुरं नको, 'ना.' एवढंच लिहिते. लिही बाई. पोटचा पोर आहे, अर्धा लिहिला तरी ओळखेन.

ना. म्हणाला, "आये, जन्मात समिंदर बघितला न्हाईस. गंगूमावशी अन् येसूमावशी अलिबागला निघाल्यात. तूबी जा. सुमीला शिमग्याची सुट्टी हाय, तिला ने संगं पाट्या वाचायला."

जेजुरीला जाते म्हटलं तर चार वर्षं याचे बैल मोकळे नव्हते. आता समुद्र दाखवायची घाई. समुद्र काय पळून चाललाय?

व. ४, शनिवार
सूनबाई दशम्या करतेय. न सांगता. तिळाची चटणी वेगळी बांधली. एवढी माया मला बाळंतपणातसुद्धा कुणी केली नव्हती.

ओढ्याकाठचं शेत माझ्या नावावर आहे, धन्यांनी जाण्याआधी केलेलं. माझ्या डोक्यावरच्या पाट्यांनी तिथं खत पडलंय, कुणा बैलाच्या गाडीनं नाही. पिंपरीला औषधाचा कारखाना झाल्यापासून मुंबईचे एक शेटजी मोटारीतनं येतात, बांधावर उभे राहून माती बघतात. ना. त्यांच्या मागं छत्री धरून. दिवाळीत मला विचारलं, आये, विकू या का? मी म्हटलं, मी मेल्यावर. तेव्हापासून गप्प आहे. गप्प ना. मला आवडत नाही.

व. ५, रविवार. रंगपंचमी
लोणावळ्यापर्यंत आगगाडी, पुढं यष्टी. घाटात गंगूनं खाल्लेलं सगळं परत दिलं. येसू डोळे मिटून रामराम. दोघी माझ्या लग्नाच्या वर्षी आमच्या गावात सुना म्हणून आल्या, तेव्हापासूनच्या मैत्रिणी. पण गंगूच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे आज घाटानंही बघितलं.

धर्मशाळेत उतरलो. कारभारी म्हातारे, नाकावर चष्मा, माणूस बरा.

व. ६, सोमवार. अलिबाग
सकाळी समुद्रावर. पाणी लांब, माणसं चालत किल्ल्यात जातायत. संध्याकाळी पुन्हा गेलो तर त्याच वाटेवर होडी! वाट कुठं गेली विचारलं तर कोळीण हसते. "भरती गो माय." दिवसातून दोनदा शब्द फिरवतो हा. ना. चा थोरला भाऊ शोभतो.

सुमी लिहिताना थांबली. लिही म्हटलं. लिहिलं असावं.

व. ८, बुधवार
दुपारी ओहोटीला किल्ला केला. घोट्याएवढं पाणी. येसू काठावरच बसली.
"पानी परतलं तर गं?"
गंगू म्हणे, "परतलं तर आत राहू की, राणीवानी."
आत गणपती, गोड्या पाण्याची विहीर. चहूकडं खारं अन् मधे गोडं. चूळ भरून बघितली, विश्वास बसेना म्हणून.

परतताना म्हटलं, गंगे, उद्या निघू. तर पटकन बोलली, "उद्या कशी? नामानं सांगितलंय, एकादशीपातूर हलू नका."
"नामानं? कवा?"
मग शंख वेचायला लागली. सत्तरीची बाई, शंख वेचते.

व. ९, गुरुवार
कार्ड आलं. ना. चं, सुमीच्या नावानं. सुमीनं वाचून दाखवलं. सर्व खुशाल, हरभरा घरात आला, म्हैस व्याली, पारडी झाली.
बरं, म्हटलं. रंग कसा पारडीचा?
"काळी."
म्हैस दिवाळीत फळलेली. दहा महिने मोजा. शिमग्यात कशी व्यायची? भादव्यात व्यायची ती. पोरगी सातवीला आहे, गोठ्यात कधी गेली नाही.

त्याच दिवशी, दुपारनंतर
कार्ड कारभाऱ्यांकडं नेलं. त्यांनी दोनदा वाचलं. 'मोजणी शुक्रवार-शनिवारवर गेली. एकादशी उलटेपर्यंत आईस आणू नये. कळू देऊ नये.' हरभरा नाही, म्हैस नाही.

सुमी खांबाशी उभी. मी वही काढली अन् कारभाऱ्यांपुढं ठेवली. पहिल्यापासून वाचा, म्हटलं. कार्डाचं खोटं वाचते ती वहीत काय लिहीत असेल? मला काय, काळ्यावर पांढरं का पांढऱ्यावर काळं.

ही माझी चूक. गंगू, येसू दोघी शेजारी बसलेल्या.

त्यांनी सगळं वाचलं. ना. छत्री धरतो ते, समुद्र त्याचा थोरला भाऊ ते. एक शब्द इकडचा तिकडं नाही. बापाची निंदा पोरीनं वळणदार अक्षरात उतरवलेली. मग घाट आला.
"माझ्या पोटात गोष्ट ऱ्हात न्हाई व्हय गं म्हाळसे?"
"मग ऱ्हाती का?"
"अन् सत्तरी कुनाची? माझी का तुझी?"
येसू पदरात तोंड घालून हसत होती. गंगू संध्याकाळपर्यंत पाठ फिरवून बसली. मग आपणहून चहा आणला, त्यात साखर कमी.

सुमीला विचारलं, कार्डातलं का लपवलंस? म्हणे, "शेत गेलं तर आबा मला पुण्याच्या शाळेत घालणार. हायस्कुलात. न्हाई गेलं तर सातवीनंतर लगीन."
हेसुद्धा तिलाच लिहायला लावतेय. रडतेय. शाई पसरली तर पसरू दे, पण लिही.

ना. नं मला फसवलं त्याचं नवल नाही. पोरीचं आमिष लावून गळ माझ्या घशात टाकला, हे त्याला सुचलं कसं? बापावर गेलाय म्हणावं तर धनी भोळे. म्हणजे माझ्यावर गेलाय.

व. १०, शुक्रवार
पहाटेच्या यष्टीनं निघालो. गंगू घाटात तोंडात लिंबू धरून बसली, माझ्याकडं न बघता. दिवेलागणीला घरी. सूनबाईच्या हातातला तांब्या पडला.
"लवकर आलासा?"
"म्हैस व्याली म्हणून कळलं."
ना. जेवायला आला नाही.

व. ११, शनिवार. एकादशी
सकाळी शेतावर. बांधाबांधानं चुना टाकलेला. दोन माणसं साखळी ओढत होती. मी मधोमध बसले.
"आजी, बाजूला व्हा."
"शेत माझं. बाजूला तू हो."
ना. धावत आला. घाम पुसत म्हणे, "आये, मोजल्यानं काय शेत जातंय? तुझ्या अंगठ्याबिगर कागद पुरा व्हत न्हाई."
"म्हणजे अंगठा ठिवून बाकीची समुद्रावर धाडलीस व्हय?"
साखळीवाले हसले. ना. हसला नाही. खाली बसला माझ्याशेजारी. म्हणाला, दोन वर्षांत आजूबाजूचं सगळं जाईल, मधे आपलं एकटं राहून काय पिकायचं. खरं असेल. खरं बोलतानाही त्याचे डोळे मोटारीच्या वाटेवर होते.

सुमीच्या शाळेचं विचारलं. "घालीन की."
"वहीत लिहून दे. तुझ्या हातानं. चौथी शिकलायस."
"घरच्या घरात लिवायचं कशाला आये?"
"मला लिहिता येत न्हाई म्हणून."

व. १२, रविवार
शेटजी उद्या कागद घेऊन येणार. येसू सकाळी येऊन म्हणाली, देऊ नको. गंगू दुपारी येऊन म्हणाली, पोरगी शिकू दे. दोघींना चहा दिला.

ना. नं वही दोनदा मागितली. एकदा म्हणाला टाक नाही, एकदा म्हणाला तारीख कुठली घालू. सुमीनं टाक दिला, तारीख सांगितली. मग त्याला गोठ्यात काम निघालं.

सुमीला विचारलं, तुझं मन काय? म्हणे, "तू म्हणशील ते." तेवढं खोटं तिनं वहीतही लिहिलंय.

खाली त्याच्यासाठी अर्धं पान मोकळं सोडायला सांगितलंय. त्यानं लिहिलं तरी मी अंगठा देईनच, असं मी कुणाला म्हटलेलं नाही. न लिहिलं तर देणार नाही, असंही नाही. हे बारीक अक्षरात लिही सुमे, त्याला चष्मा लागलाय.