हिरव्या गाडीतले इंजिन वगळून

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, चष्मा लावून, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. गुडघे सोडले तर प्रकृती ठणठणीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या मुलाला याबाबत शंका असेल, पण ती मी सत्तावीस वर्षांपूर्वी दोनच माणसे बसतील अशी जुनी स्पोर्ट्स कार घरी आणली तेव्हापासूनची आहे, आजची नाही.

कलम १. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे. वरचा मजला मुलाचा, खालचा मजला गॅरेजसह मुलीचा. यात मुलाने पक्षपात शोधू नये. वर ऊन चांगले येते, आणि त्याला लहानपणापासून पेट्रोलच्या वासाने मळमळते.

कलम २. बँकेत जे असेल ते दोघांना सारखे. आकडे बँकेला माहीत आहेत, इथे लिहून मी कागद वाया घालवत नाही.

कलम ३. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक मी सूनबाईला देते. जुनी गाडी विकत घेताना हे पत्र्यावरून फिरवायचे असते. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा गंजून गेलेला असतो आणि वर पुट्टी भरून रंग दिलेला असतो. सूनबाईला माणसांवरची पुट्टीसुद्धा लांबून दिसते, त्यामुळे हे तिच्याच हातात शोभेल. मी हिरवी गाडी पाहायला गेले तेव्हा आधी बॉनेटला हात लावला होता. बॉनेट गरम लागले. म्हणजे मालकाने मी येण्यापूर्वीच गाडी चालू करून तापवून ठेवली होती, सकाळी थंडीत तिचे काय होते ते मला कळू नये म्हणून. मी परत आले आणि दुसऱ्या दिवशी न कळवता सकाळी सातला हजर झाले. मालक दात घासत होता. गाडी आठव्या प्रयत्नाला चालू झाली आणि तिने अंगणभर धूर केला. मी ती घेतली. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

माझे यजमान तिला "तुझा दुसरा संसार" म्हणायचे. तरी चौदा वर्षे गुडघे डॅशबोर्डला टेकवून ते शेजारच्या सीटवर बसले, आणि एकदाही "हळू" म्हणाले नाहीत. त्या सीटचे कव्हर बदलू नये.

कलम ४. सर्व हत्यारे मुलीला. अपवाद टॉर्क पाना, कारण तो माझ्याकडे नाही. आमच्या रविवार मंडळातले, म्हणजे जुन्या स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या आम्हा नऊ खुळ्यांच्या टोळीतले दंतवैद्य तो "दोन दिवसांसाठी" घेऊन गेले, त्याला अकरा वर्षे झाली. मी आता तो त्यांना रीतसर बक्षीस देते, म्हणजे निदान वापरताना त्यांना लाज वाटेल. त्यांचा दात तपासायचा छोटा आरसा माझ्याकडे आहे. तो परत द्यावा. त्याचे काम झाले आहे, आणि काय काम झाले ते कलम सहामध्ये आहे.

कलम ५. हिरवी गाडी, तिच्यातले इंजिन वगळून, मी मुलीला देते. अटी अशा: महिन्यातून दोनदा तरी ती रस्त्यावर काढावी. नुसती पुसून झाकून ठेवायची असेल तर घेऊ नये. चढावर ती कुरकुरत नाही, कुरकुरली तर चूक आपली. विकायची वेळ आलीच, तर जो माणूस पहिला प्रश्न "अॅव्हरेज किती देते?" असा विचारेल त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

कलम ६. इंजिन का वगळले ते आता लिहिते. हे कलम मी चार वेळा फाडले आहे.

मंडळातल्या घड्याळजींकडे माझ्यासारखीच गाडी आहे. तीच कंपनी, तेच साल, रंग तेवढा पांढरा. त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे आणि दुकानामागे मोठी शेड. एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही इंजिन उचलायची चेनकप्पी आठवडाभरासाठी भाड्याने आणली आणि दोन्ही गाड्यांची इंजिने एकदमच उतरवली. दोन्ही शेजारी शेजारी फळ्यांवर ठेवली. मी खडूने एकावर "बाई" लिहिले, दुसऱ्यावर "घ". मंडळात मला सगळे बाईच म्हणतात.

शनिवारी घड्याळजी दुकानात होते. त्यांना खूश करावे म्हणून मी दोन्ही इंजिने रॉकेलने घासून लख्ख केली. खडूही गेला. ते माझ्या लक्षात आले तेव्हा फडके हातातच होते. मी दोन्हींकडे बराच वेळ पाहिले आणि माझी खात्री पटली. ते आले तेव्हा मी डावीकडचे दाखवून म्हणाले, "हे तुमचं." त्यांनी विचारलेसुद्धा नाही. क्ष-किरण विभागात मी फिल्मवर डावा-उजवा शिक्का मारायचे, एकतीस वर्षांत एकदाही चुकले नाही. म्हणून माझ्या शब्दावर सगळे डोळे मिटून विश्वास ठेवत.

दोन वर्षांनी सायलेन्सरचे काम करताना मी गाडीखाली निजले होते. इंजिनाचा नंबर मागच्या बाजूला, हात जेमतेम जाईल अशा जागी कोरलेला असतो. सहज दंतवैद्यांचा आरसा धरून वाचला. माझ्या कागदपत्रांवरचा नंबर तो नव्हता. घड्याळजींचा होता.

मी त्याच दिवशी सांगायला गेले. दुकानात ते स्टुलावर उभे राहून भिंतीत खिळा ठोकत होते. मोठ्या मेळाव्यात त्यांच्या गाडीला "सर्व भाग मूळचे" असे प्रमाणपत्र मिळाले होते. समितीने कागदपत्रे पाहिली होती, गाडीखाली कोण निजतो? त्यांची पत्नी जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. त्या पाच महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिले नव्हते. ते वळून म्हणाले, "बाई, फ्रेम सरळ आहे का बघा." मी म्हणाले, "थोडी उजवीकडे." आणि घरी आले.

मग सांगायचे राहिले. पुढे सांगणे अवघड झाले. नंतर तर ते प्रत्येक नव्या माणसाला अभिमानाने सांगत आणि मी शेजारी उभी राहून मान डोलावत असे. घड्याळजी, मला माफ करा. तुम्ही बोलणे टाकाल ही भीती मला सतरा वर्षे आहे. मी गेल्यावर हे वाचले जाईल, म्हणजे तुमचे तोंड पाहावे लागणार नाही, असा बेत होता. बेत भित्रा आहे हे मला कळते.

कलम ७. हिरव्या गाडीत सध्या असलेले इंजिन मी घड्याळजींना देते. त्यांनी ते घेतल्यास त्यांच्या गाडीतले इंजिन मुलीला द्यावे. त्यांना ते न मिळाल्यास दोन्ही इंजिने आहेत तिथेच राहतील.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी. सह्यांसाठी शेजारच्या वकीलबाई आणि घड्याळजी आले. साक्षीदाराला मजकूर माहीत असण्याची गरज नसते, त्यामुळे वर कोरा कागद ठेवून मला सही घेता आली असती.

मी म्हणाले, "आधी कलम सहा वाचा."

"दुसऱ्याचं मृत्युपत्र वाचणं बरं दिसत नाही, बाई."

"वाचा म्हणते ना."

त्यांनी खिशातले भिंग डोळ्याला लावून वाचले, घड्याळ उघडल्यासारखे, सावकाश.

"म्हणजे एकोणीस वर्षं मी तुमचं इंजिन चालवतोय?"

"हो."

"तरीच."

"काय तरीच?"

"चढावर सारखं कुरकुरतं. म्हटलं, हा स्वभाव माझा नाही."

वकीलबाई हसल्या. मी हसले नाही. ते म्हणाले, "राग आलाय मला. चुकलात त्याचा नाही, सांगितलं नाहीत त्याचा. चहा टाकू नका."

वकीलबाईंनी कलम सात पाहिले आणि म्हणाल्या, "मग तुम्हाला साक्षीदार होता यायचं नाही. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीची सही केली, तर त्याला दिलेलं रद्द होतं. दुसरं कुणीतरी बघू या."

घड्याळजींनी विचारले, "सही केली तर इंजिन मला मिळणार नाही?"

"नाही."

"ते कुठे राहील?"

"आहे तिथेच. हिरव्या गाडीत, यांच्या मुलीकडे."

त्यांनी पेनाचे टोपण काढले.

स्थळ: माझे स्वयंपाकघर
दिनांक: ९ फेब्रुवारी, रविवार
(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: (सही) शेजारच्या वकीलबाई. मृत्युपत्र करणाऱ्या बाईंनी आमच्या दोघांसमोर, पूर्ण शुद्धीत सही केली.

साक्षीदार २: (सही) घड्याळजी. सही केल्यामुळे कलम सातप्रमाणे मला काहीही मिळणार नाही, हे मला समजावून सांगितले व ते मला मान्य आहे. माझी गाडी मूळ इंजिनाची नाही हे पुढच्या रविवारी मंडळाला मी स्वतः सांगेन. बाईंनी शेजारी उभे राहावे. चहा घेतला.